वटवाघळांच्या वतीने क्लॅरी

क्लॅरी हॉबडे आमच्या पर्यावरण मंडळात यायला लागला तेव्हा तो मुका आहे असाच माझा समज झाला होता. जन्मभर वायरमन होता. खांबावर चढायचं, तारा जोडायच्या, उतरायचं. खांब गप्पा मारत नाहीत, म्हणूनच त्याने ती नोकरी धरली असावी. मंडळात तो कप विसळायचा, मोर्चाच्या पाट्या रंगवायचा, आणि कुणी नुसतं "कसं काय?" विचारलं तरी कानापर्यंत लाल व्हायचा.

मंडळ म्हणजे मासे तळणाऱ्या दुकानाच्या वरच्या दोन खोल्या. नद्या वाचवा म्हणणाऱ्या आमच्या प्रत्येक पत्रकाला तळलेल्या माशाचा वास येतो. ग्वेंडा आमची प्रमुख, पगार अर्धवेळ आणि राग पूर्णवेळ. आमच्याकडे मतदान नाही, सगळ्यांचं एकमत लागतं. पटलं की दोन्ही हात वर करून बोटं नाचवायची. चहाबरोबर कुठली बिस्किटं आणायची यावर आम्ही अख्खी दुपार बोटं नाचवलेली आहेत, आणि शेवटी बिस्किटं आणलीच नाहीत.

त्या वर्षी नगरपालिकेने नदीकाठची जुनी झाडं तोडायचं काढलं. कारण त्यांच्यावर लटकलेली वटवाघळं. गावाला ती नको होती. वास मारतात, पहाटे गोंगाट करतात, गाड्या घाण करतात. गावाचं मन वळवायला ग्वेंडाने एक वटवाघूळ शिवलं. पंख मोडक्या छत्र्यांचे, डोकं जुन्या सोफ्याच्या कापडाचं. ते अंगात कोण घालणार म्हटल्यावर सगळ्यांची बोटं खिशात गेली. क्लॅरीची तेवढी वर आली.

शनिवारच्या बाजारात तो आपल्या जुन्या वायरमनच्या पट्ट्याने एका दांडीला उलटा लटकला आणि बोलायला लागला. मी हातातली पत्रकं खाली टाकली.

"ओ बाई, तो आंबा नका घेऊ, तो कालच मी चाखून ठेवलाय. आणि तुम्ही हो, टोपीवाले, तुमची गाडी पांढरीच ना? मग रात्री भेटू."

लोक पोट धरून हसत होते. पोरं खाली उतरू देईनात. दुपारी उतरून त्याने डोकं काढलं, मी म्हटलं, "क्लॅरी, कमाल केलीस," तर लाल होऊन कप विसळायला निघून गेला.

पुढे झाडांचा फैसला करायची सभा ठरली. आमच्या वतीने एकालाच बोलता येणार होतं. आधीच्या सभेत ग्वेंडा बोलली होती आणि तीन नगरसेवक झोपले होते, म्हणून वटवाघळानेच बोलावं असं आमचं बिस्किटांपेक्षा लवकर एकमत झालं. क्लॅरीचं नाव कळवून टाकलं. सभेचे नियम वाचायचं मात्र आम्हा सगळ्या शहाण्यांपैकी एकालाही सुचलं नाही.

क्लॅरी पंख सावरत उभा राहिला तशी नगराध्यक्षा लोरेन म्हणाली की बोलणाऱ्याचा चेहरा दिसला पाहिजे, डोकं काढा. आता नाव बदलता येत नव्हतं आणि क्लॅरी बोलला नाही तर झाडं गेलीच होती. त्याने डोकं काढलं. केस घामाने चिकटलेले, ओठ हलतायत, आवाज नाही. ग्वेंडा नखं खात होती. शेवटी तो माझ्या कानाशी पुटपुटला आणि मी उठले.

"तो म्हणतोय, तुम्ही सगळे जरा त्याच्याकडे पाठ फिरवून बसाल का?"

"चेहरा दिसायला हवा असा नियम आहे," लोरेन म्हणाली.

"दिसतोय की. तो बघायलाच हवा असं कुठे लिहिलंय?" माझं डोकं फिरलं होतं.

बड मॅकिन या म्हाताऱ्या नगरसेवकाची लिचीची बाग आहे, त्यामुळे वटवाघळांचं नाव काढलं तरी त्याचं पित्त खवळतं. तोच पहिला खुर्चीसकट वळला. "मला तसंही त्याचं तोंड बघायचं नाहीये. उरका," म्हणाला. मग कुरकुरत एकेक खुर्ची फिरली. त्यांच्यासमोर आता मोठी खिडकी होती, बाहेर नदी आणि संध्याकाळ.

क्लॅरी त्या पाठींशी बोलायला लागला.

"वास येतो, मान्य. गाड्या घाण करतात, तेही मान्य. माझ्या गाडीचा मूळ रंग कुठला, मला आठवत नाही. बड, तुझ्या लिच्या खातात. त्यांना चव कळते, त्याला मी काय करू?"

पाठी हसून हलायला लागल्या. बडची मान तेवढी लाल झाली. तेवढ्यात बाहेर झाडांवरून वटवाघळं उठली आणि खिडकीभर पसरून नदीपलीकडे जायला लागली. बडसुद्धा बघत राहिला.

"पहाटे गोंगाट करतात म्हणता," क्लॅरीचा आवाज उतरला. "करतात. माझं घर समोरच आहे. डल्सी गेल्यापासून घरात दुसरा आवाज नाही. वटवाघळं परत येतात आणि जागेवरून भांडतात. मी पडल्या पडल्या ऐकतो. कोण कुणाला 'सरक' म्हणतंय, ते मला आता कळतं. झाडं तोडलीत तर मी काय ऐकू?"

डल्सी म्हणजे बायको असणार. तिचं नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. मला रडू आवरेना, डोळे मी ग्वेंडाच्या बाहीला पुसले. तिची बाही आधीच ओली होती.

लोरेनची खुर्ची हळूच परत फिरली आणि ती थेट क्लॅरीकडे बघायला लागली. आता हा गार पडणार, असं मला वाटलं. क्लॅरी लाल झाला आणि बोलत राहिला. वेळ संपल्याची घंटा झाली तरी बोलत राहिला.

झाडं एका मताच्या फरकाने वाचली. बडने विरोधात मत दिलं, लिच्या त्याच्या होत्या, त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. झाडं वाचवणारं ते एक मत लोरेनचं होतं. निघताना ती दारात क्लॅरीला म्हणाली, "पण त्यांना जरा हळू भांडायला सांग बाबा. माझं घर पण त्याच गल्लीत आहे."

"सांगून बघतो," तिच्या तोंडाकडे बघत क्लॅरी म्हणाला. "पण ऐकतील असं वाटत नाही."