शर्टाचं बटण

कोर्टाच्या व्हरांड्यातल्या बाकावर एक मुलगी नवऱ्याच्या शर्टाला बटण लावत होती.

"हलू नकोस, सुई टोचेल."

"टोचली तर मी तुझ्यावर केस करीन."

"कर. घरात तेवढीच बाकी आहे!"

नवरा म्हणजे माझा भाचा. कागदावर तो आरोपी आणि ती पीडित. दोघं पळून गेली तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता आणि तिला अठरा पूर्ण व्हायला थोडे महिने उरले होते. तिच्या वडिलांनी तक्रार केली. आता त्यांचा संसार सुरू आहे आणि खटलाही.

त्याच बाकावर एक पोक्त माणूस बसला होता. शेजारच्या चिमुरडीला छळल्याचा आरोप त्याच्यावर. त्याला आणि माझ्या भाच्याला कायदा एकच, अठराखालच्या मुलांना जपणारा. इथेच माझं डोकं फिरतं. फुटपाथवर भांडी विकून मी दुकान उभं केलं, घासाघिशीत आयुष्य गेलं. पण इथे मला सूट नको. त्या चिमुरडीसाठी कायदा कडकच हवा. मात्र पातेल्याला आणि चमच्याला मी एकच किंमत लावली, तर गिऱ्हाईक मला वेड्यात काढेल.

पुकारा झाला, दोघं आत गेली, दार बंद झालं. बऱ्याच वेळाने ती बाहेर आली. ओढणीला सुई तशीच टोचलेली.

"मामा, न्यायाधीश बाईंनी मलाच विचारलं, तुझं काय म्हणणं आहे? आणि सगळं लिहून घेतलं."

इतकी वर्षं सगळे तिच्या नावाने बोलले, तिला मात्र कोणीच विचारलं नव्हतं.

पुढची तारीख पडली. एरवी तारीख ऐकली की मी वकिलावर डाफरतो. आज त्याला चहा पाजला.