पहिला गर्डर चढला त्या दिवशी

बोकडाचं मुंडकं माझ्या छातीवर आदळलं. डोळे उघडेच होते त्याचे. रक्त नारिंगी जॅकेटवरून ओघळत बुटात उतरलं. मुंडकं खाली पडलं अन् फेकणारा हसला.

"उचल की. तुमचाच मान हाय."

येडशीच्या अलीकडं दोन मोठे रस्ते मिळतात, तिथल्या इंटरचेंजवर मी सळ्या बांधायला होतो. माझा बाप डायव्हर्जनला, लाल-हिरवी झेंडी घेऊन उन्हात उभा. फेकणारा आमच्याच गावचा. बड्या जमीनवाल्याचं पोरगं. मुरमाचा अन् माणसांचा ठेका त्याच्याकडं. सगळे त्याला मालक म्हणायचे. मीसुद्धा.

वर्षभरात काय नाही झालं तिथं? ज्वारीची रानं खरवडली. टेकडी फोडली. पिलर उभे राहिले, भराव वळसे घेत वर चढला. पाहणीला येणारे साहेब म्हणायचे, प्रगती चांगली आहे. होतीच. त्या दिवशी पिलरवर पुलाची पहिली आडवी तुळई, पहिला गर्डर चढायचा होता. क्रेनला हार घातलेले. आणि मालकानं पिलरच्या पायाशी बोकड कापलं.

आमच्या गावात पूर्वी विहीर बांधा, वाडा बांधा, बोकड कापायचे अन् मुंडकं पायाच्या खड्ड्यात पुरायचे. पुरायचं काम आमच्या माणसांचं. उघड्या हातानं न्यायचं, मागं वळून बघायचं नाही. बाधा होते म्हणे. झाली तर आम्हाला व्हावी, वाडा त्यांचा टिकावा. आज्यानं धम्म घेतला अन् हे काम सोडलं. तेव्हापासून आमच्या घरातल्या कुणीच मुंडक्याला हात लावला नव्हता.

"मी न्हाय उचलणार."

"पदवीवाला हाय ह्यो," मालक बाकीच्यांना म्हणाला. "ह्याला इंग्रजीत सांगा रं कुणीतरी."

लोक हसले. माझ्या डब्यातली भाकरी खाणारेही हसले. पाहणीला आलेले साहेब मोबाईलमध्ये बघत राहिले.

बाप पळत आला. झेंडी काखेत. "मालक, पोरगं हाय, कळत न्हाय त्याला." म्हणता म्हणता वाकला. माझं काम वाचवायला मुंडक्याला हात घालणार होता.

"दादा, हात लावू नका," मी बापाला म्हणालो.

बाप तसाच वाकलेला थांबला. मग सावकाश सरळ झाला. हात मागं घेतले.

"न्हाय जमायचं मालक."

मालकानं त्याच्या काखेतली झेंडी ओढली. दांडक्यानं तोंडावर हाणलं. ओठ फाटला. दुसरा फटका कानावर. बाप मुरमात गुडघ्यावर आला. मालकानं त्याचं मानगूट धरलं अन् तोंड त्या मुंडक्यावर दाबलं. घासलं.

"आता पूर."

माझ्या हातात सळईचा तुकडा होता. मी मारला. खांद्यावर. तो वळला, परत मारला. हातावर. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. मग त्याच्या माणसांनी मला आडवा केला. लाथा. पोटात, बरगडीत, तोंडावर. शुद्धीवर आलो तेव्हा क्रेन चालू होती. गर्डर वर चढत होता. मुहूर्त नाही टळू दिला त्यांनी.

ठाण्यात आम्हाला बसवून ठेवलं. आमची तक्रार घेतली, ती त्याची घेतल्यावर. आता गुन्हा त्याच्यावर आहे अन् माझ्यावरही. बापाला त्या कानानं ऐकू येत नाही.

गावातली चार माणसं घरी आली. "मिटवून घ्या. मालक दोघांना परत कामावर घेतो म्हणतोय." बाप त्यांना चहा द्या म्हणाला. चहा झाल्यावर म्हणाला, "आता उठा."

मी अणदूरला, कळंबला पत्रकं वाटतो. बाजारात उभा राहून हे सगळं सांगतो. म्हणून आमचा वकील वैतागलाय. आपलाच माणूस, कळकळीनं बोलतो. "तू मारलंस म्हणू नको. झटापटीत तो पडला म्हण. सुटशील."

नाही म्हणणार. तो आपोआप पडला, तर माझा बापही आपोआपच पडला. मग त्या दिवशी तिथं कुणीच कुणाला काही केलं नाही.

मी मारलं. शिक्षा झाली तर भोगीन. पण कोर्टात बापाला समोर बसवून, त्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगीन: ह्यानं माझ्या बापाचं तोंड रक्तात घासलं, म्हणून मी ह्याचा हात मोडला.