सोमवारच्या उपवासाची गोळी

माझ्या चुकीने एक माणूस मरणाच्या दारात गेला होता. थोडक्यात वाचला.

अकरा वर्षं ही गोष्ट मी मित्रांपासून लपवली. बायकोपासूनसुद्धा.

ज्यांना सगळं माहीत होतं त्या आमच्या मॅडम आज सकाळी साताऱ्यात वारल्या.

मेडिकलच्या मुलांना पेशंटशी बोलायला शिकवायच्या. आम्ही त्या तासाला सरळ टाइमपास म्हणायचो. बोलायला काय शिकायचंय? तोंड आहे की!

मग सांगलीतच, कॉलेजच्या हॉस्पिटलात इंटर्न झालो.

ओपीडीत जतकडचे एक मामा आले. साठीचे, मेंढरं राखणारे. शुगर नवीनच निघालेली. सिनियरनी गोळी लिहून दिली, समजावून सांगायचं काम माझं. बाहेर ही मोठी लाइन. मी घडाघडा सांगितलं, "जेवणाआधी अर्धा तास घ्यायची. साखर बंद. समजलं ना?"

"व्हय सायेब."

सोमवारी दुपारी मामांना बेशुद्धच आणलं.

त्यांचा सोमवारचा उपवास. पण डॉक्टरनी सांगितलंय म्हणून गोळी इमानेइतबारे घेतलेली. पोटात अन्नाचा कण नाही, फक्त बिनसाखरेचा चहा. शुगर पार तळाला गेली होती.

ग्लुकोज चढवलं. मामांनी डोळे उघडेपर्यंत मी पलंगापासून हललो नाही. कळल्यावर मॅडम वॉर्डात आल्या.

"मी विचारलं होतं मॅडम. व्हय म्हणाले."

"अरं, डॉक्टरला न्हाई कोण म्हणतंय? घरी जाऊन काय करणार, ते त्यांच्या तोंडून ऐकलंस?"



मॅडमच्या तासाची एक वही असायची. आपलं काय चुकलं ते त्यात लिहायचं. मी लिहिलं, 'पेशंटने उपवासाचं सांगितलं नाही.'

त्यांनी माझ्यासमोर ओळ खोडली.

"तू इचारलं न्हाईस, असं लिही. आन् जा, त्यांच्या पोराला सांग. मी येते संगं. बोलायचं तू."

मुलगा फौजी, सुट्टीवर आलेला. आज मार खाणार, हे मी धरूनच चाललो होतो.

"चूक माझी आहे. उपवास करतात का, हे मी विचारलंच नाही."

त्याने खिशातून पेन काढलं. 

"आवं, मग आता तरी नीट सांगा की. मी लिवून घेतो."

आता मीच मुलांना शिकवतो. त्यांना वाटतं, सर कधी चुकत नाहीत. मीही तसंच वाटू दिलं.

मॅडम फोनवर दर वेळी विचारायच्या, "पोरांना मामांचं सांगितलंस का?"

मी दर वेळी विषय बदलायचो. मागच्या आठवड्यातही बदलला.

उद्या नऊ वाजता तास आहे. त्यात मामांचं सांगायचं ठरवलंय. मुलं काय म्हणतील, परवापासून माझ्याकडे कशी बघतील, काही कळत नाही.

म्हणून आजच इथे लिहून टाकलं. निम्मी मुलं माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहेत. आता मागे फिरता येणार नाही.

सांगितलं, मॅडम.

तुम्ही असताना सांगायला हवं होतं.

शेवटचा नमस्कार.