हातानं बघणारा सुखदेव

२०२५ साल. मला एकाहत्तरावं चालू. सुखदेव गेल्याचा फोन आला तेव्हा मी जळगावला ओट्यावर शेंगा फोडत बसलो होतो. फोन ठेवला आणि शेंगा फोडतच राहिलो. हे आधीच सांगतो, कारण लोकांना वाटतं मी फार रडलो असेन. मी चौथी शिकलेला माणूस, येतं तसं लिहितो.

आम्ही दोघं धुळ्याच्या एका यार्डात ट्रेलर चालवायचो. पुढचा इंजिनवाला भाग, त्याला आम्ही घोडा म्हणतो. तो मागे घेत ट्रेलरखाली घालायचा. ट्रेलरच्या पोटाखालची लोखंडी पिन घोड्याच्या पाठीवरच्या जबड्यात शिरते, खट्ट आवाज होतो, जबडा मिटतो. आवाज झाला की मी खाली उतरायचो नाही. माझ्या कानाचा मला भारी गर्व. सुखदेव मात्र दर वेळी पोतं अंथरून गाडीखाली आडवा व्हायचा आणि जबडा मिटला का ते बोटांनी चाचपायचा. कोपरापर्यंत वंगण माखून बाहेर यायचा. बाकीचे ड्रायव्हर म्हणायचे, "नाना, डोळे घरी ठेवून आला का?" तो म्हणायचा, "तिथं डोळ्याचं काम नाही रे," आणि हात पुसायचा.

एकदा कापसाच्या गाठी भरायला मी ट्रेलर सोडून ठेवला. काळी माती दबेल म्हणून त्याचे पुढचे टेकूचे पाय हँडलनं जरा जास्तच फिरवून उंच ठेवले. सुखदेवनं पायांखाली फळ्या टाकल्या होत्या, ते मी पाहिलं नाही. माती दबली नाही, ट्रेलर दोन बोटं उंच राहिला. दुसऱ्या दिवशी मी घोडा खाली घातला. खट्ट झालं. पिन जबड्यात गेलीच नव्हती, वरच चढून बसली होती.

"भाऊ, खाले देखी ले," सुखदेव म्हणाला.

"मना कान देखी लेस," माझा कान बघून घेतो, असं म्हटलं आणि निघालो.

यार्डाबाहेरच्या चढावर ट्रेलर सुटला. हवेचे पाइप तुटले, म्हणून ब्रेक आपोआप लागले. माणूस मेला नाही. गाठी मात्र रस्ताभर. मालक आला. "कोणी जोडला होता?"

मी म्हटलं, "सुखदेवनं."

सुखदेवनं माझ्याकडे पाहिलं आणि हात पुसले. त्याच दिवशी त्याला काढलं. फाटकाबाहेर मी त्यालाच विचारलं, तू बोलला का नाहीस? केवढा निर्लज्ज मी. तो म्हणाला, "मी काब्र सांगू?" मी कशाला सांगू, तुझं तू सांगशील कधी तरी, असं त्याचं म्हणणं.

पुढं तो चोपड्याला केळीच्या गाड्या चालवू लागला. भेटला की म्हणायचा, "काय भाऊ, कान बरा शे ना?" आणि चहा सांगायचा. मी हसायचो. अठरा वर्षं त्याचा चहा पीत हसलो. आज त्या हसण्याची शिसारी येते.

त्याच्या पुण्यानुमोदनाला चोपड्याला गेलो. यार्डातला एक जुना ड्रायव्हर जेवता जेवता म्हणाला, "सोन्यासारखा माणूस. एकदा ट्रेलर पाडला, तेवढंच." सुखदेवची बायको वाढत होती. ती माझ्याकडे वळली. "भाऊ, तुम्ही होतात ना त्या दिवशी? त्यांनीच जोडला होता का हो?"

मी म्हटलं, "जुनं झालं, वहिनी. वरण वाढा थोडं."

तिनं वाढलं. मी खाल्लं. त्याच्या घरात, त्याच्या फोटोसमोर. निघताना तिनं त्याचं पोतं माझ्या हातात दिलं. "फेकवत नाही, आणि इथं कुणाच्या कामाचं नाही." रात्रभर ते उशाशी होतं, वंगणाचा वास मारत. मला मात्र वास माझाच येत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या बसनं धुळ्याला गेलो. यार्डात मालक खुर्चीवर होता, भोवती पाच-सात ड्रायव्हर. वहिनींना फोन लावला, "वहिनी, फक्त ऐका" म्हटलं आणि फोन चालूच ठेवून सगळ्यांसमोर बोललो. तो ट्रेलर मी जोडला होता. सुखदेवनं खाली बघ म्हणून सांगितलं होतं. खोटं मी बोललो.

मालक म्हणाला, "आता काय त्याचं, आबा? चहा घ्या."

चहा नको म्हटलं. वहिनींनी फोन ठेवला नव्हता. तिकडं एका ड्रायव्हरनं नुकताच ट्रेलर जोडला होता. त्याला थांब म्हटलं, पोतं अंथरलं आणि खाली आडवा झालो. गुडघे कुरकुरले.

"आबा, आवाज झाला ना," तो वरून म्हणाला.

"कानाला झाला," म्हटलं, आणि हात आत घातला.