त्याच्या भांड्यातलं पाणी

कुत्रा घरी आला तो माझ्या हट्टामुळे. मी दिवसभर धरमपेठेतल्या ऑफिसात, आणि आई नंदनवनच्या घरात एकटी. बाबा गेल्यापासून ती टीव्हीशी बोलायला लागली होती. शेल्टरमधून मी मुद्दामच वयाने मोठा, शांत कुत्रा निवडला. मातकट रंग, एक कान अर्धा फाटलेला.

"विकतचं दुखणं आणलं वं तू," आई म्हणाली.

"विकतचं नाही, फुकटचं आहे," मी म्हणाले. ती हसली नाही.

मे महिना होता. आमच्याकडे उन्हाळ्यात घरातली सगळ्यात मानाची जागा म्हणजे कूलरच्या पायाशी. पाहुणा आला की त्याला तिथेच बसवतात. कुरकुरत का होईना, आईने त्यालाही तोच मान दिला. त्याचं स्टीलचं भांडं काठोकाठ भरून तिने हॉलमधल्या कूलरच्या लोखंडी स्टँडला टेकवून ठेवलं, म्हणजे पाणी गार राहील.

तो आला, वाकला, जीभ लावली आणि केकाटून मागे उडाला. मग भिंतीला चिकटून उभा राहिला आणि भांड्याकडे बघत बसला. नवीन घर आहे, बावरला असेल, असं मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी त्याने दहीभात चाटून पुसून खाल्ला, पण पाण्याकडे फिरकला नाही. भांडं पुढे सरकवलं की गुरगुरायचा. हॉलमध्ये यायचंच त्याने बंद केलं. संध्याकाळी मी घरी आले तर आई बाथरूमच्या दारात उभी होती आणि तो आत ओली फरशी चाटत होता.

"भांडंभर पाणी ठेवलं आहे अन् हा फरशी चाटून राहिला," आई हळूच म्हणाली. "याचं डोकं तर नाही फिरलं?"

तेवढ्यात शेजारच्या काकू कैऱ्या घेऊन आल्या. त्यांनी कुत्र्याकडे पाहिलं, भरलेल्या भांड्याकडे पाहिलं आणि उंबऱ्यातच थांबल्या. "ताई, पाण्याले भेते काय हा? पिसाळलेलं कुत्रंच पाण्याले भेते." एरवी काकू दार आपटून जातात. त्या दिवशी त्यांनी ते अगदी हलक्या हाताने लावलं.

मला संताप आला. शेल्टरला फोन केला. सगळ्या सुया दिल्या आहेत, ते म्हणाले, काळजी करू नका. पण भीती एकदा घरात शिरली की कुणाच्या खात्रीने बाहेर जात नाही. मी काकूंना नावं ठेवत होते आणि डोळे मात्र कुत्र्याच्या तोंडावर होते, लाळ गळते का ते बघत. उन्हाळ्यात कुठल्या कुत्र्याची गळत नाही?

आईलाच त्याची कणव आली. "लेकराले तहान लागली असन," म्हणत तिने त्याला मानेला धरून कूलरपाशी नेलं आणि तोंड पाण्याला लावलं. त्याने जिवाच्या आकांताने झटका दिला आणि त्याचा दात तिच्या मनगटावरून गेला. बारीकशी लाल रेघ उमटली.

साबणाने कितीतरी वेळ हात धुतला. दवाखान्यात पहिली सुई झाली. डॉक्टर म्हणाले, बाकीच्या सुया चुकवू नका आणि कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवा. तो धडधाकट राहिला तर चिंता नाही.

"आणि नाही राहिला तर?" मी विचारलं. डॉक्टर पुढची सुई कधी ते सांगायला लागले.

तेव्हापासून आईचा जीव त्या कुत्र्याच्या जिवाला बांधला गेला. तो झोपला की मी त्याचं पोट हलतं का ते बघायची. तो लडखडला की माझी पाचावर धारण बसायची. आई एकदा पोळ्या लाटता लाटता म्हणाली, कपाटाची दुसरी किल्ली तांदळाच्या डब्यात आहे, तुले माहीत असू दे. मी तिच्यावर ओरडले. नंतर बाथरूममध्ये जाऊन रडले.

मग बुद्ध पौर्णिमा आली. आई सकाळीच पांढरी साडी नेसली. तिच्या टाचा दुखतात म्हणून ती घरातही रबरी चपला घालते. कूलरखाली सतत ओल असते म्हणून मीही घालते. त्या सकाळी वंदनेसाठी दोघींनी काढून ठेवल्या. मूर्तीसमोर मेणबत्ती लावली, फुलं वाहिली, सगळे प्राणी सुखी होवोत असं म्हणून झालं. आई उठली आणि घरातल्या बोळीत बसलेल्या कुत्र्याकडे बघत राहिली.

"सगळ्या प्राण्यांत हाही आलाच ना वं," ती म्हणाली, आणि त्याचं शिळं पाणी बदलायला कूलरकडे गेली. तशीच, अनवाणी.

तो उठला आणि भुंकला. आमच्या घरात पहिल्यांदाच. "चूप!" मी त्याच्यावर ओरडले.

आईने भांड्याला हात लावला. तिच्या तोंडून आवाजसुद्धा निघाला नाही. अंगाला एक विचित्र हिसका बसला, भांडं खणखणत दूर गेलं आणि ती भिंतीवर आदळून खाली बसली. मी धावत जाऊन मेन स्विच पाडला. कूलरची घरघर थांबली आणि घर एकदम सुन्न झालं. कूलरच्या शॉकने कुणी गेल्याची बातमी आम्ही दर उन्हाळ्यात ऐकतो, आणि ती नेहमी दुसऱ्याच्या घरातली असते.

आई जिवंत होती. ओठ पांढरे पडले होते, पण डोळे उघडे होते. दुपारी इलेक्ट्रिशियन आला. त्याने मेन चालू करून स्टँडला टेस्टर लावला, आणि टेस्टरचा दिवा पेटला. पंपाची वायर आत सोलली गेली होती. करंट पत्र्यात, पत्र्यातून स्टँडमध्ये आणि स्टँडला टेकलेल्या भांड्यात. आम्ही दोघी रबरी चपलांत वावरत होतो. घरात अनवाणी एकटा तोच होता.

आईने त्याला जवळ बोलावलं. तो आला नाही. "इतके दिवस हा यालेच भेऊन राहिला होता काय वं?" तिने मला विचारलं. मला तिच्याकडे बघवेना.

आईच्या सुया पुऱ्या झाल्या. डॉक्टरांनी दिलेली मुदत उलटली तेव्हा तो ठणठणीत होता. कूलर बदलला, भांडं मातीचं आणलं, ते स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ठेवलं. तरी तो भांड्याला तोंड लावीना, बाथरूमची ओली फरशीच चाटायचा. शेवटी आई त्याच्यासमोर खाली बसली, चपला काढल्या, पाय फरशीवर टेकवले आणि चार बोटं पाण्यात बुडवली. त्याने तिच्या पायांकडे पाहिलं, मग बोटांकडे पाहिलं, आणि बऱ्याच वेळाने पुढे आला.

आजही ती चप्पल काढून बोटं बुडवत नाही तोवर तो पाणी पीत नाही. टाचा कितीही ठणकत असल्या तरी ती काढते.