कोलेस्टेरॉल घातलं आणि जागा कमी भरली

वाढलेल्या कोलेस्टेरॉलचा माझा रिपोर्ट वाचत होतो. शेजारी बसलेल्या माझ्या मुलीनं नखांचं पॉलिश पुसलं आणि ॲसिटोनच्या वासासरशी मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत पोचलो.

औरंगपुऱ्याच्या बाजारातल्या अंड्यांच्या बलकातून ॲसिटोन वापरून वेगळं केलेलं लेसिथिन, म्हणजे पेशीच्या आवरणातलं स्निग्ध द्रव्य, आम्ही कोलेस्टेरॉलसोबत पाण्यावर एका रेणूइतक्या पातळ थरात पसरलं होतं. दोन्ही द्रव्यं वेगवेगळी पसरल्यावर जेवढी जागा घेतात, तिची बेरीज यायला हवी होती. थर त्याहून कमी जागा व्यापत होता.

"वजनात घोळ केलास, गेला आपला प्रोजेक्ट!" जोडीदार सलीम करवादला. पुन्हा तोललं, पुन्हा तेच.

मॅडम वाकून बघत हसल्या. "घोळ नाय रे! कोलेस्टेरॉल शेजारी आलं की लेसिथिनच्या रेणूंच्या वळवळत्या शेपट्या ताठ होतात. मग जागा कमीच लागणार. पेशीचं आवरण असंच घट्ट राहतं."

सलीमनं आनंदानं मला उचललंच!

"बाबा, हा रिपोर्ट वाचून हसताय काय?"