विहिरीच्या खाले

मागच्या उन्हाळ्यात मुलीच्या शाळेनं सुटीचा अभ्यास दिला: आपल्या मूळ गावाचा नकाशा, तेव्हाचा आणि आताचा. मुलगी सातवी पास झालेली. आम्ही अमरावतीला राहतो. मूळ गाव अकोल्याकडचं, पूर्णा नदीच्या अलीकडचं, खारपाणपट्ट्यातलं. माझ्या जन्माच्या आधीच वडील नोकरीसाठी अमरावतीला आले. मी कॉलेजात असताना त्यांनी तिथली शेती विकली, आणि आता ते नाहीत. गावाबद्दल सांगू शकेल असं घरात एकच माणूस उरलं होतं, माझी आई. ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे आणि खुब्याच्या ऑपरेशननंतर वॉकर धरून चालते.

मी इमारतींच्या खर्चाची अंदाजपत्रकं करतो. एका जागी मिळालेला आकडा दुसऱ्या जागी जुळल्याशिवाय मी कागदावर घेत नाही. मुलीलाही तेच सांगितलं, की इंटरनेटवर दिसलं म्हणून लिहायचं नाही, आधी पडताळायचं. आम्ही उपग्रहाचा नकाशा काढला, त्यातली पट्टी मागे सरकवून जुन्या वर्षांची चित्रं पाहिली, जुन्या गॅझेटियरची स्कॅन केलेली पानं चाळली. गॅझेटियरात गावाचं नाव वेगळ्या स्पेलिंगनं होतं. ते ओळखायलाच एक दुपार गेली.

"बाबा, पूर्णा उलटी वाहते?" मुलीनं विचारलं. पुस्तकातल्या गोदावरीमुळे नदी पूर्वेला जाते असं तिच्या डोक्यात होतं.

"उलटी नाही, पश्चिमेला वाहते. पुढं तापीला मिळते."

आई पलीकडे दिवाणावर बसून ऐकत होती. "पैदा झाल्यापासून मोबाइलात डोकं, आता मले बी घाला त्याच्यात," ती म्हणाली. पण लॅपटॉप तिच्यासमोर ठेवला तेव्हा तिनं चष्मा पुसून घेतला.

पहिल्यांदा तिला काहीच कळेना. वरून सगळं सारखंच दिसते, म्हणाली. मग मुलीनं चित्र मोठं केलं, आणि आईला मारुतीच्या देवळाचा पत्रा सापडला. तिथून नाला सापडला. नाल्यावरून बोट फिरवत ती एका गोल ठिपक्यापाशी थांबली.

"हे गोडी विहीर. समद्या गावाच्या विहिरी खाऱ्या, हे एकच गोडी. आपल्या वावरात होती."

मुलगी खूश झाली. विहीर, वावर, नाला, तिचा अर्धा नकाशा झाला होता.

"आता विहिरीच्या खाले जाय," आई म्हणाली. "धुऱ्यावर बाभूय असन, पाह्य बरं."

धुरा म्हणजे वावराचा बांध. मुलगी बोटानं चित्र सरकवत विहिरीच्या खालच्या बाजूला गेली. "बाभूळ नाही आजी. इथं धुऱ्याला लागून शेततळं आहे. चौकोनी. आतून काळं प्लास्टिक लावलेलं दिसतं."

"तयं? म्हणजे किती खोल खोदत असतीन?"

"तीन मीटर तरी," मी सांगितलं. माझ्या कामातलाच प्रश्न होता.

आईनं चष्मा काढला, वॉकर ओढला आणि आतल्या खोलीत गेली. त्या दिवशी ती जेवली नाही. पोट बरं नाही म्हणाली.

"आजी माझ्यावर रागावली का?" मुलगी विचारत होती. मी नाही म्हटलं, पण कारण मलाही ठाऊक नव्हतं.

ते दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. आई स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून मेथी निवडत होती. मी चहा घ्यायला गेलो. तिनं वर न पाहता सांगितलं.

"तुह्या आधी मले एक पोरगी झाली होती. बारसं व्हायच्या आधीच गेली."

मी एक्कावन्न वर्षांचा आहे. घरातला थोरला म्हणून वाढलो. हे मी पहिल्यांदा ऐकत होतो.

"लहान लेकराले जायत नाहीत, पुरतेत," ती म्हणाली. "तुह्या बाबानं तिले धुऱ्यावर ठेवली, बाभयीपाशी. मी बायंतीण, मले कोण नेते? नंतर सासूनं दुरून बोट दाखवलं. विहिरीच्या खाले, म्हणे. मंग आमी अमरावतीले आलो." तिनं काड्या एका बाजूला केल्या. "आता तं तिथं तयं केलं त्यायनं. मातीसंगं कुठी नेऊन टाकली असन, काय मालूम."

चहा तिथंच राहिला.

दुपारी मी एकटाच लॅपटॉप घेऊन बसलो. तळं कोणत्या वर्षी खोदलं तेवढं तरी पाहावं म्हणून. चित्रावर बाण जिथं नेऊ तिथली समुद्रसपाटीपासूनची उंची खालच्या कोपऱ्यात दिसते. विहिरीपाशी दोनशे ऐंशी मीटर होती, तळ्यापाशी दोनशे त्र्याऐंशी. म्हणजे तळं विहिरीच्या वर होतं. दोन-तीन मीटरचा फरक या नकाशांत चुकूही शकतो, म्हणून नाल्याच्या कडेनं बाण दूरपर्यंत नेला. दक्षिणेला उंची वाढत गेली, उत्तरेला पूर्णेपर्यंत कमी होत गेली. कुठंही उलट आकडा आला नाही.

आईला जाऊन विचारलं, "आई, खाले म्हणजे कोणत्या बाजूला?"

"खाले म्हणजे खाले. पाणी जाते तिकडं. काहून?"

आमचा नाला उत्तरेला वाहतो आणि पूर्णेला मिळतो. गावात पाणी जातं ती बाजू खालची. पडद्यावर मात्र उत्तर वरती असते. आई खाली म्हणत होती ती जागा पडद्यावर विहिरीच्या वर होती, आणि आम्ही दोघं तिच्याच शब्दाला धरून नेमके उलटे गेलो होतो.

मी मुलीला हाक मारली. काय झालं होतं ते तिला सगळं सांगितलं, तिच्या आजीसमोरच. ती दिवाणावर आजीला टेकून बसली आणि चित्र सरकवत विहिरीच्या वरच्या बाजूला जाऊ लागली. घाईत होती, तरी हळूच.

तिकडचा धुरा होता. दोन नांगरलेल्या वावरांच्या मध्ये गवताची पट्टी. बाभूळ नव्हती. वर्षांची पट्टी मागे नेली तेव्हा सर्वांत जुन्या स्वच्छ चित्रात धुऱ्यावर एक गडद गोल डाग दिसला, आणि त्याची सावली.

"हेच," आई म्हणाली.

आमच्याकडे धुरे कोरतात, दर पेरणीला शेजारी थोडाथोडा आत येतो, हे मला माहीत आहे. म्हणून जेवढी चित्रं स्पष्ट होती तेवढ्यांत मी त्या गवताच्या पट्टीची रुंदी मोजली. अडीच मीटरच्या आसपास होती, कमी झालेली दिसली नाही. तिथं कोणी खोदलेलंही दिसत नव्हतं. याहून ठामपणे मला सांगता येणार नव्हतं, आणि आईला मी तेवढंच सांगितलं. तिनं दोनदा विचारलं. मी दोन्ही वेळा तेच सांगितलं.

"गाडी करतो. जाऊन येऊ," मी म्हटलं.

"नोको. परक्याचं वावर. तिथं जाऊन त्यायले काय सांगू? इथून दिसलं, झालं."

संध्याकाळी जेवण झाल्यावर तिनं आपण होऊन लॅपटॉप मागितला. मुलीनं जागा पुन्हा काढून दिली, आणि दर वेळी शोधायला नको म्हणून तिथं खूण टाकायला घेतली. खूण टाकली की एक चौकट उघडते आणि त्यात नाव लिहावं लागतं.

"आजी, नाव काय लिहू?"

"नाव ठेवलंच नव्हतं, माय."

मुलगी बाभूळ लिहील असं मला वाटलं. तिनं टाइप केलं आणि आजीला वाचून दाखवलं, "मोठी आत्या."

आईनं पडद्यावरच्या त्या नावावर बोट ठेवलं.

"तुही आत्याच लागते थे," ती म्हणाली. मग तिनं विचारलं, "हे शाळंत दाखवाचं आहे का?"

"नाही आजी. शाळेच्या नकाशात विहीर आणि नालाच टाकते. ही खूण फक्त आपल्याला दिसेल."

"मंग राहू दे," आई म्हणाली.